बटाट्याची फाइल

"मॅडम, तुमची फाइल रिकामी आहे हो."

शनिवारची दुपार. नुकतंच जेवून पंख्याखाली आडवी झालेली मी आणि फोनवर थ्री-डी प्रिंटिंगच्या दुकानातला मुलगा. रिकामी कशी असेल? २५,३५० बिंदू आणि ४९,१५२ त्रिकोण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून पेन ड्राइव्हवर घातले होते.

"स्क्रीनवर काहीच येत नाहीये, मॅडम."

"अरे, झूम करून बघ ना."

मग बराच वेळ नुसते माउसचे आवाज. शेवटी तो म्हणाला, "आहे, आहे! पण खसखशीच्या दाण्याएवढंही नाहीये हे. काय आहे काय?"

तो इटोकावा नावाचा लघुग्रह होता. लांबी ५३५ मीटर.

प्रकरण सुरू झालं भाच्यामुळे. सातवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. "मावशी, सगळे जण ग्रहांचे गोळे रंगवून आणणार आहेत. मला गोल काहीही नकोय." आता सूर्यमालेत गोल नसलेल्या वस्तूंना तोटा नाही. लघुग्रह, धूमकेतू, मंगळाचे दोन चंद्र, सगळे आपले बाजारातल्या पाटीतले बटाटे. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच बटाट्यांच्या फायली नेटवर फुकट मिळतात. नासाच्या 'प्लॅनेटरी डेटा सिस्टीम'मध्ये लघुग्रह आणि धूमकेतूंचा वेगळा कप्पाच आहे. युरोपियन आणि जपानी अवकाशसंस्थांनीही आपापल्या मोहिमांच्या फायली खुल्या ठेवल्यात. त्यांना म्हणतात 'शेप मॉडेल'. उतरवायच्या, ब्लेंडर किंवा मेशलॅबसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या आणि माउसने गरागरा फिरवायच्या. टीव्हीवरच्या कुठल्याही मालिकेपेक्षा बरा टाइमपास, माझं ऐका.

फाइल उघडल्यावर मात्र पहिल्यांदा जरा हिरमोड होतो. मला वाटलं होतं आत काहीतरी भन्नाट असेल. नोटपॅडमध्ये उघडली तर आपली रोजचीच दुनिया, आकड्यांचे रकाने! सगळ्यात साध्या प्रकारच्या फाइलमध्ये आधी बिंदूंची यादी असते, एका ओळीत एक बिंदू आणि त्याचे तीन आकडे, मध्यापासून इकडे किती, तिकडे किती, वर किती. मग त्रिकोणांची यादी. त्यात एका ओळीत तीन पूर्णांक, म्हणजे अमुक, तमुक आणि ढमुक नंबरचे बिंदू जोडा, की झाला एक त्रिकोण. बस्स. फोटो नाही, रंग नाही, सावली नाही. आख्खा लघुग्रह म्हणजे एक लांबलचक एक्सेलशीट.

आणि या शीटमध्ये काय नसतं ते माहितेय? युनिट. किलोमीटर की मीटर की मिलिमीटर, बऱ्याचदा फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. ते सोबतच्या वेगळ्या माहितीपत्रकात असतं, आणि ते वाचायचा कंटाळा करणारी माणसं म्हणजे तुम्ही-आम्ही. माझ्या फाइलमधले आकडे किलोमीटरमध्ये होते. दुकानातल्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या सवयीप्रमाणे ते मिलिमीटर धरले. ५३५ मीटरचे झाले ०.५३५ किलोमीटर, त्याचे झाले अर्धा मिलिमीटर, आणि माझा लघुग्रह प्रिंटरच्या पाटावर धूळ होऊन बसला. हसू नका. नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ला याच जातीच्या चुकीने गेलं. एका गटाचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं, दुसरा गट ते न्यूटनमधले समजून वापरत होता. यान मंगळाच्या वातावरणात नको तितकं खाली शिरलं आणि संपलं. माझं नुकसान दोनशे रुपये अॅडव्हान्सचं, तेही झालं नाही. मुलाला सांगितलं, "दोनशे पट मोठं कर." १०.७ सेंटिमीटर. हातात मावेल असं.

सोमवारी संध्याकाळी घ्यायला गेले तर नवीनच नाटक. इटोकावा आडवा! या फायलींमध्ये 'वर' म्हणजे लघुग्रह ज्या आसाभोवती फिरतो तो आस, आणि फाइलचा तिसरा आकडा त्याच्यासाठी. सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात बऱ्याचदा दुसरा आकडा 'वर' असतो. इटोकावाला आडवं किंवा उभं असण्याने काय फरक पडतो म्हणा! पण भाचा म्हणाला, "उत्तर ध्रुव कुठंय ते मला स्टिकर लावून दाखवायचंय," म्हणजे संपलंच. मोजणी शून्यापासून की एकापासून, हा आणखी एक घोळ. काही प्रकारच्या फायली पहिल्या बिंदूला शून्य नंबर देतात, काही एक. चुकीचं धरलं की प्रत्येक त्रिकोण शेजारच्याच्या घरी जाऊन बसतो आणि लघुग्रहाचा काटेरी गुंता होतो. त्रिकोणाचे तीन बिंदू कुठल्या क्रमाने लिहिलेत यावरही आत-बाहेर ठरतं. उजव्या हाताची बोटं त्या क्रमाने वळवायची, अंगठा दाखवेल ती बाहेरची बाजू. क्रम उलटा झाला की आख्खा लघुग्रह पायमोज्यासारखा उलटा. मी हे सगळं करून बसलेय. दोन वीकएंड गेले.

तुम्ही म्हणाल, त्रिकोणांची एवढी भानगड कशाला? अक्षांश, रेखांश आणि तिथली उंची असा तक्ता केला असता तर नसतं चाललं का? पृथ्वीला चालतं, चंद्रालाही चालतं. पण बटाट्याला गळा असला की गाडी अडते. ६७पी नावाचा धूमकेतू घ्या. (पूर्ण नाव चुर्युमोव्ह-गेरासिमेंको, शोधणाऱ्या दोघांचं, आपण ६७पीच म्हणू.) तो रबरी बदकासारखा आहे, मोठं धड, छोटं डोकं आणि मधे आखूड मान. मधल्या बिंदूपासून काही दिशांना सरळ रेघ काढली की ती एकदा पृष्ठभागातून बाहेर पडते आणि पुन्हा दुसऱ्या भागात घुसते. मग त्या अक्षांश-रेखांशावरची 'उंची' कुठली सांगणार, पहिली की दुसरी? त्रिकोणांना असले प्रश्न पडत नाहीत. ते पापुद्र्यासारखे कुठेही वळतात.

बरं, या शीटचा खरा उपयोग दिसला तो रविवारी दुपारी. प्रत्येक त्रिकोण मध्याला जोडला की एक छोटा पिरॅमिड होतो. त्याचं घनफळ काढायचा फॉर्म्युला बारावीच्या व्हेक्टरमध्ये आपण सगळ्यांनी घोकलाय आणि विसरलोय. ४९,१५२ पिरॅमिडांची बेरीज केली की लघुग्रहाचं घनफळ. एक्सेलमध्ये आरामात होतं. (इटोकावाची सगळ्यात मोठी फाइल ३१,४५,७२८ त्रिकोणांची आहे. ती एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळींत मावत नाही, तेव्हा तिच्या नादी लागू नका.) उत्तर येतं साधारण ०.०१८४ घन किलोमीटर. वजन जपानच्या 'हायाबुसा' यानाने २००५मध्ये तिथं जाऊन, यानाला बसणाऱ्या ओढीवरून काढलेलं आहे, साडेतीन कोटी टन. भागाकार केला की घनता पाण्याच्या १.९ पट. पण इटोकावा ज्या दगडाचा बनलाय त्याची घनता पाण्याच्या सुमारे ३.२ पट. म्हणजे आत जवळजवळ ४० टक्के नुसती पोकळी! तो एकसंध खडक नाहीच. फुटलेल्या दगडगोट्यांची रास आहे, स्वतःच्याच किरकोळ ओढीने एकत्र राहिलेली. दुकानातला मुलगा 'रिकामी आहे' म्हणाला ते ४० टक्के बरोबरच होतं म्हणायचं.

आता या गोष्टीतली माझी आवडती भानगड. प्रिंट हातात आल्यावर भाच्याने त्यावरून बोट फिरवलं. इटोकावा दिसतो पाणमांजरासारखा, डोकं आणि धड असे दोन भाग, मधे खोलगट. त्या खोलगट भागात बोट गेलं की एकदम गुळगुळीत लागतं.

"मावशी, इथं दगड का नाहीयेत? की फाइल बनवणाऱ्यांनी आळस केला?"

सातवीतल्या पोराने विचारलेला हा प्रश्न या धंद्यातल्या भल्याभल्यांना पडायला हवा होता, आणि एकदा तो पुरेसा पडला नाही. तिथेच येतेय.

इटोकावापुरतं उत्तर असं, की तिथं खरंच मोठे दगड नाहीत. हायाबुसाने सप्टेंबर २००५पासून जवळून शेकड्यांनी फोटो काढले. त्यावरून रॉबर्ट गॅस्केल या शास्त्रज्ञाने मॉडेल तयार केलं. त्याच्या पद्धतीचं नाव 'स्टिरिओफोटोक्लिनोमेट्री' असं जिभेला गाठ मारणारं आहे, पण आयडिया घरगुती आहे. एकच जागा वेगवेगळ्या कोनांतून बघितली की खोली कळते, आपले दोन डोळे हेच तर करतात. आणि ऊन तिरपं असलं की चढ-उतार कळतात. एक्सप्रेसवेवरून जाताना दुपारी बाराला सपाट वाटणारा डोंगर संध्याकाळी साडेपाचला कसा घड्याघड्यांचा दिसतो? तेच. दोन्ही माहिती एकत्र करून छोटे छोटे तुकडे बनवायचे आणि ते गोधडीसारखे जोडायचे. त्यामुळे इटोकावाच्या फाइलमधला गुळगुळीत भाग पाहून, मोजून लिहिलेला आहे. तिथं बारीक खडी आहे. हायाबुसा नोव्हेंबर २००५मध्ये तिथेच टेकलं आणि त्याच्या कुपीतून २०१०च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात दीड हजारांहून जास्त बारीक कण परत आले.

आता दुसरी फाइल. बेन्नू. याचा आकार आपल्या भोवऱ्यासारखा. नासाचं 'ओसायरिस-रेक्स' यान तिथं पोहोचायच्या कितीतरी आधी त्याचं शेप मॉडेल तयार होतं. तेही एकही धड फोटो नसताना! प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या थाळीतून (ती बिचारी १ डिसेंबर २०२०ला कोसळली) आणि कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावरून १९९९, २००५ आणि २०११मध्ये बेन्नूवर रडारचे सिग्नल सोडले गेले. परत आलेला प्रतिध्वनी किती उशिरा आला आणि त्याची फ्रिक्वेन्सी किती सरकली, यावरून लघुग्रहाचा कुठला भाग जवळ, कुठला लांब, कुठला आपल्याकडे फिरतोय, ते कळतं. त्या जुळवाजुळवीतून मायकल नोलन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये आकार प्रसिद्ध केला. सरासरी व्यास ४९२ मीटर.

डिसेंबर २०१८मध्ये यान पोहोचलं. मोजलेला व्यास ४९० मीटर! लाखो किलोमीटरवरून काढलेल्या मापात दोन मीटरचा फरक. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं माप बिल्डर आणि सर्व्हेयर यांच्यात इतकं जुळत नाही.

पण फाइलमधला भोवरा होता गुळगुळीत. रडार मॉडेलवर जेमतेम एक मोठा दगड ओळखता येत होता. दुर्बिणींनी मोजलेल्या उष्णतेवरूनही अंदाज असा होता की पृष्ठभागावर बारीक खडी असावी. त्यामुळे उतरायला ५० मीटर रुंद मोकळी जागा मिळेल, हे धरून यानाची सगळी आखणी झाली होती. आणि समोर आला तो दगडधोंड्यांनी खच्चून भरलेला उकिरडा. सपाट असं काही नाहीच. जिकडे बघावं तिकडे घराएवढे, गाडीएवढे, फ्रिजएवढे धोंडे.

रडारने खोटं सांगितलं होतं का? अजिबात नाही. ठरावीक मापापेक्षा बारीक गोष्टी त्याला दिसत नाहीत, इतकंच. दिसल्या नाहीत म्हणून मॉडेलमध्ये आल्या नाहीत, आणि आल्या नाहीत म्हणून तिथं पृष्ठभाग सपाट झाला. त्रिकोणाला 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही ना! त्याला तीन बिंदू द्यावेच लागतात. इटोकावाच्या खोलगटात 'इथं दगड नाहीत' म्हणून गुळगुळीत आहे, आणि बेन्नूच्या जुन्या मॉडेलवर 'इथं काय आहे ठाऊक नाही' म्हणून गुळगुळीत. नोटपॅडमध्ये दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. दशांश चिन्हापुढचे चार-पाच आकडे, अगदी ठाम, आत्मविश्वासाने ओथंबलेले.

म्हणूनच त्रिकोणांच्या संख्येला भुलू नये, असं मला आता वाटायला लागलंय. कुठलाही ओबडधोबड बटाटा घ्या, सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबा, त्याच्या प्रत्येक त्रिकोणाचे चार होतात. पुन्हा दाबा, सोळा. फाइल फुगते, आकार लोण्यासारखा मऊसूत दिसतो आणि माहिती मात्र एका पैशाने वाढलेली नसते.

बेन्नूवर मग दोन वर्षं घाम गाळला गेला. लेझरने नव्याने मापं घेतली, फोटोंवरून नवी मॉडेलं केली. नेटवरून हजारो हौशी लोकांनी फोटोतले दगड एकेक करून मार्क केले. क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे यात होता, हे ऐकून मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. गडी २००७मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी झालाय, आणि त्याने क्लॉडिया मॅन्झोनीसोबत बेन्नूचे जोडफोटो जुळवून त्रिमिती चित्रं तयार केली. उतरायची जागा निवडणाऱ्यांना ती उपयोगी पडली. ५० मीटर विसरा, शेवटी निवडलेल्या 'नाइटिंगेल' या जागेत यानाला सुरक्षित म्हणावा असा पट्टा होता जेमतेम १६ मीटरचा. काठावर दोन मजली उंच धोंडा. त्याला टीमने नाव दिलं 'माउंट डूम'!

इथं शेप मॉडेल यानाच्या पोटात गेलं. आधीच्या बेतात लेझरने उंची मोजत उतरणं हा मुख्य उपाय होता. तो आता पुरणार नव्हता. मग यानाच्या कॉम्प्युटरमध्ये पृष्ठभागाच्या खुणांचे त्रिमिती तुकडे भरले. खाली येता येता तो स्वतःच हिशोब करायचा, की मी इथे असेन तर अमुक दगड अशा सावलीत असा दिसायला हवा. मग कॅमेऱ्यातल्या फोटोशी ताडून बघायचं आणि दिशा सुधारायची. सोबत धोक्याच्या जागांचा नकाशा. पाच मीटर उंचीवर असताना वाटलं की आपण धोंड्यावर चाललोय, तर मागे फिरायचं. पृथ्वीवरून कोणी काही सांगू शकणार नव्हतं, कारण सिग्नललाच एका बाजूने अठरा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. २० ऑक्टोबर २०२०ला यान ठरल्या जागेपासून एक मीटरच्या आत टेकलं.

आणि तरीही फाइलने एक गोष्ट सांगितली नव्हतीच. ती फक्त कातडीची असते. टेकल्यावर यानाचा हात थांबलाच नाही, जवळजवळ अर्धा मीटर आत घुसला. मॉलमधल्या मुलांच्या त्या प्लॅस्टिकच्या बॉलच्या हौदात पाय टाकल्यासारखं! इंजिनांनी वेळेत मागे खेचलं. सप्टेंबर २०२३मध्ये १२१.६ ग्रॅम नमुना घेऊन कुपी युटाच्या वाळवंटात उतरली.

हे सगळं वाचताना मला माझीच एक जुनी शीट आठवत होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली. अकरा शाखांचे महिन्याचे विक्रीचे आकडे होते, त्यातल्या एका शाखेचे चार महिन्यांचे सेल रिकामे. फोन केले, मेल केले, आले नाहीत. उद्या सकाळी प्रेझेंटेशन. मी बाकीच्या महिन्यांची सरासरी काढून चारही सेल भरले. पिवळा रंग देऊन ठेवले होते, नंतर खुलासा करू म्हणून. मग ग्राफ केला आणि ग्राफमध्ये पिवळा रंग कुठून येणार? रेघ काय सुंदर आली होती, कुठे खड्डा नाही! पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या रेघेवरून ठरलं. त्या शाखेत एक नवा मुलगा होता. तीन तिमाही टार्गेट हुकल्यावर तो हेड ऑफिसला आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहून शांतपणे म्हणाला, "ताई, हे चार आकडे कुठून आले, जरा सांगाल का? त्या महिन्यांत शाखेचं शटर बंद होतं." मी काय सांगणार? टार्गेट नंतर बदललं, पण त्याच्या हातून त्या वर्षीची वाढ गेली ती गेलीच.

असो. भाच्याकडे वळू. त्याला इटोकावा पसंत पडला, पण आता मानेचा धूमकेतूही हवा होता. ६७पीच्या एकापेक्षा जास्त फायली आहेत, आणि त्यांची तारीखवार गोष्ट मला फार आवडते.

युरोपचं 'रोझेटा' यान पोहोचायच्या आधी ६७पी म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपका होता. ठिपक्याचाही आकार काढता येतो, बरं का. ओबडधोबड वस्तू फिरताना कधी रुंद बाजू दाखवते, कधी अरुंद, त्यामुळे तिचा उजेड कमी-जास्त होतो. त्या चढ-उतारावरून आकार उलटा शोधायचा. मिक्को कासालाइनेन आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये लघुग्रहांसाठी याचं पक्कं गणित मांडलं, आणि अशा मॉडेलांचा मोठा साठा प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात आहे. हौशी लोकांनी गच्चीवरून घेतलेली निरीक्षणंही त्यात वापरली जातात. फक्त या मॉडेलांमध्ये सहसा खड्डे आणि खोबणी येत नाहीत. गिफ्ट रॅप केल्यासारखा आकार मिळतो. आत चहाचा कप असो की टेडी, वरून कागद ताणलेलाच. जुलै २०१४मध्ये रोझेटाचे जवळून काढलेले फोटो आले तेव्हा कागद फाटला आणि आतून बदक निघालं.

६ ऑगस्ट २०१४ला यान धूमकेतूपाशी पोहोचलं. नोव्हेंबरमध्ये 'फिली' हा छोटा लँडर उतरवायचा होता, म्हणजे महिनाभरात मॉडेल बनवून जागा निवडायची. २५ ऑगस्टला पाच जागा ठरल्या, १५ सप्टेंबरला त्यातली एक. मॉडेल झकास होतं, पण एका बाजूला अंधार होता. धूमकेतूच्या दक्षिण भागात तेव्हा महिनोनमहिने रात्र होती. जे दिसलं नाही ते अंदाजाने भरून फाइल बंद केली, कारण घनफळ काढायचं तर पिशवीला भोक असून चालत नाही. त्या मॉडेलवरून घनफळ आलं २१.४ घन किलोमीटर. वजन सुमारे हजार कोटी टन, तेव्हा घनता निघाली घनमीटरला ४७० किलो. शास्त्रज्ञांनी कमी-जास्तीची मर्यादा सांगूनच हे आकडे छापले होते, त्यांना दोष नाही. मग धूमकेतू सूर्याजवळ सरकला, २०१५मध्ये दक्षिणेत ऊन पडलं, फोटो निघाले. अंधारातली बाजू अंदाजापेक्षा बरीच चपटी निघाली. नवं घनफळ १८.७. वजन तेच, घनता मात्र ५३३! धूमकेतूत कणभर काही बदललं नव्हतं. जवळजवळ पावणेतीन घन किलोमीटर धूमकेतू फक्त फाइलमध्ये होता.

(फिलीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. १२ नोव्हेंबर २०१४ला तो ठरल्या जागी अगदी बरोबर टेकला आणि उसळला. उड्या मारत कुठल्यातरी कपारीच्या सावलीत जाऊन पडला. जेमतेम अडीच दिवस बॅटरी पुरली. २ सप्टेंबर २०१६च्या एका फोटोत तो सापडला, कपारीत एका कुशीवर.)

भाच्याला मी ही सगळी गोष्ट बसून सांगितली. म्हटलं, शेवटची, चांगली फाइल घेऊ या, अख्खी बघितलेली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दोन्ही प्रिंट करू या ना. आधीचीही."

केल्या. दुकानातला मुलगा आता आमचा दोस्त झालाय. फाइल हातात घेतली की पहिला प्रश्न, "मॅडम, किलोमीटर का मीटर?" दोन बदकं शेजारी शेजारी ठेवली तर लांबून सारखीच. पण एकाचं पोट थोडं सुटलेलं. भाच्याने काळा परमनंट मार्कर घेतला आणि सुटलेल्या पोटाच्या बदकाची दक्षिणेकडची बाजू नीट, कडेकडेने, बाहेर न जाऊ देता रंगवली. मी हळूच विचारलं, फोटोंशी ताडून करतोयस ना? तर टॅबवर फोटो उघडाच होता.

प्रदर्शनात त्याच्या टेबलावर तीन वस्तू, पाणमांजर आणि दोन बदकं. बाईंनी काळं बदक उचलून उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे अर्धंच का रंगवलंस रे? वेळ पुरला नाही का?"

"नाही बाई," तो म्हणाला, "तिथं तेव्हा रात्र होती."